त्वचेचा लिम्फोमा: ऑन्कोजीनचा स्टेन मागवावा की क्लोनॅलिटी?

वर्षानुवर्षं इसब किंवा सोरायसिस म्हणून मलम लावलेला चट्टा, बायोप्सीत वरच्या थरात शिरलेल्या थोड्याशा टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि अहवालात ‘मायकोसिस फंगॉइड्सची शक्यता’, म्हणजे त्वचेतल्या टी-पेशींचा लिम्फोमा (कर्करोग). (बुरशीशी याचा संबंध नाही, फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ आलिबेरना यातल्या गाठी अळंब्यांसारख्या दिसल्या होत्या, इतकंच.) हाती ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) छोटासा. तो कशावर खर्च करायचा?

ऑन्कोजीनच्या (कर्करोगाला चालना देणाऱ्या जनुकांच्या) प्रथिनांना रंग देणारा स्टेन जलद होतो आणि कोणत्या पेशीत रंग आलाय हे डोळ्यांनी दिसतं. हा मोठा फायदा आहे. पण सुरुवातीच्या चट्ट्यात मिक हे ऑन्कोजीन-प्रथिन किंवा पी५३ (हे खरं तर गाठ रोखणारं प्रथिन) फारसं बोलत नाहीत: मिक कुठल्याही वाढत्या पेशीत वर जातं, आणि पी५३ मधला बिघाड बहुधा रोग पुढे सरकल्यावर दिसतो. बीसीएल२ (पेशीला मरू न देणारं प्रथिन) तर इथे निरुपयोगीच, कारण निरोगी टी-पेशीतही ते असतंच. त्यातल्या त्यात टॉक्स कामाचं. एरवी थायमसमध्ये टी-पेशी घडवणारं हे प्रथिन या रोगातल्या सीडी४ पेशींत (मदतनीस टी-पेशींत) वाढतं. एपिडर्मिसमधल्या (त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या) टी-पेशींच्या केंद्रकात ते ठळक दिसलं तर संशय बळावतो. मात्र साध्या दाहातही ते काही पेशींत सापडतं, म्हणून एकट्या टॉक्सवर निदान टाकू नये.

टीसीआर (टी-पेशींचा ग्राहक) याच्या जनुकावरून होणारी क्लोनॅलिटी चाचणी वेगळाच प्रश्न विचारते: या टी-पेशी एकाच पेशीची पिल्लावळ आहेत का? पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीत) एक टोकदार शिखर आलं तर बहुधा हो. पण लायकेन प्लॅनससारख्या सौम्य आजारातही क्लोन (एकाच पेशीपासून झालेला समूह) निघतो. उलट पेशी फार कमी असल्या की खोटं शिखर उमटतं, म्हणून तोच नमुना दोनदा चालवायला हवा. शिवाय सगळा डीएनए एकत्र येत असल्याने क्लोन नेमका कोणत्या पेशींचा, हे कळत नाही. माझ्या मते तिची खरी ताकद दोन जागांच्या बायोप्सीत आहे. दोन्हीकडे तोच क्लोन निघाला तर त्या पुराव्याला टॉक्सपेक्षा कितीतरी जास्त वजन.

बी-पेशींच्या गाठीत मात्र पारडं फिरतं. त्वचेतच उगम पावलेल्या फॉलिकल सेंटर लिम्फोमात बीसीएल२ सहसा नसतं किंवा फिकट असतं. ते सीडी१० या प्रथिनासह ठळक असेल तर आधी लसिकाग्रंथी तपासा. रोग तिथून त्वचेवर उतरलेला असू शकतो. मोठ्या गोल पेशींत बीसीएल२ बरोबर एमयूएम१ आणि फॉक्सपी१ ही प्रथिनंही उजळली, तर पायावर येणारा आक्रमक ‘लेग टाइप’ लिम्फोमा मनात धरा. इथे स्टेनवरून उपचाराची दिशाच बदलते.

सीडी३० हे प्रथिन असलेल्या मोठ्या पेशी असतील तर एएलके या प्रथिनाचा स्टेन आधी. त्वचेपुरत्या अ‍ॅनाप्लास्टिक लिम्फोमात ते बहुतेक वेळा निगेटिव्ह असतं. पॉझिटिव्ह आलं तर अंगभर शोध घ्यावा लागतो. लिम्फोमॅटॉइड पॅप्युलोसिस (सूक्ष्मदर्शकाखाली तसाच दिसणारा पुटकुळ्यांचा आजार) वेगळा काढायला मात्र ना एएलके कामाचं ना क्लोन. पुटकुळ्या आपोआप बऱ्या होतात का, हे रुग्णालाच विचारावं लागतं.

म्हणून चपट्या चट्ट्याला क्लोनॅलिटी, गाठीला स्टेन, अशी माझी निवड. ब्लॉक पातळ असेल तर डीएनएसाठीचे काप पहिल्याच कटिंगला बाजूला काढायला सांगा; प्रत्येक वेळी ब्लॉक पुन्हा सपाट करताना ऊतक वाया जातं.