जर्मन न येता जर्मनीत मार्केटिंगची नोकरी : माझे २,४१,४०० रुपये कसे गेले

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी वाढवून सांगतो आहे असे पुढे कोणाला वाटायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीचे ५,९००, जानेवारीत ऑफर लेटरसाठी १,२५,०००, फेब्रुवारीत ‘भाषा सवलत प्रमाणपत्रा’चे ४८,००० आणि मार्चमध्ये व्हिसाच्या फाईलचे ६२,५००, असे एकूण २,४१,४०० रुपये जर्मनीत नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या कोल्हापूरच्या एका कचेरीच्या घशात गेले. यातले सव्वा लाख आईच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवून उभे केले आणि बाकीचे भिशी उचलून व मामांकडून हातउसने घेऊन. अशा कचेऱ्या कशा असतात, काचेमागे बसलेली मंडळी कशी गोड बोलतात, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तेव्हा ते वर्णन करीत बसत नाही. मलाही ते माहीत होते, आणि तरीही मी फसलो.

मी बेळगावात शहापूर भागात राहतो. बी.कॉम. झाल्यापासून नऊ वर्षे एका डिस्ट्रिब्युटरकडे साबण-बिस्किटांची लाईन करतो, म्हणजे दुकानोदुकानी फिरून ऑर्डरी घेतो. बैलहोंगल, सौंदत्ती आणि गोकाक हे माझे भाग. घरी मराठी आणि लाईनवर कन्नड, असा आमच्याकडच्या बहुतेकांचा दिवस असतो. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात सौंदत्तीच्या एका दुकानदाराला मी बारा बॉक्सवर एक फुकट ही स्कीम सांगताना ‘हन्नेरडु’च्या जागी ‘हत्तु’ म्हणून गेलो. त्याने दहावरच एक बॉक्स मागितला, मालकांनी हात वर केले आणि ६४० रुपये माझ्या पगारातून कापले गेले. त्यानंतर सहा महिने मी कन्नडचे पाढे पाठ केले. ‘एनरी होसदु?’ (काय हो नवीन?) असे दुकानदाराने विचारल्यावर त्याच्याच बोलीत, त्याच्या घरची विचारपूस करीत उत्तर देता येऊ लागले, तेव्हा कुठे ऑर्डरी वाढल्या.

हे सगळे अनुभवलेल्या माणसाने कोल्हापूरच्या त्या कचेरीत काय केले, ते ऐका. मी प्रश्न बरोबर विचारला होता. ‘मला जर्मन येत नाही, मग मी तिथे विकणार कसे?’ समोरचा गृहस्थ हसून म्हणाला, ‘दादा, मार्केटिंगला भाषा लागत नाही, डोकं लागतं. जाहिरातींचं भाषांतर कॉम्प्युटर करतो.’ माझ्यापुढचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती आणि मी ती बोटाने कपाच्या कडेला सारत होतो, एवढे मला स्पष्ट आठवते. मार्केटिंगला भाषा लागत नाही, हे वाक्य दोन आकड्यांच्या गल्लतीपायी ६४० रुपये भरलेल्या माणसाला सांगितले जात होते, आणि त्या माणसाने मान डोलावली. त्याच क्षणी उठून स्टँड गाठला असता तर केवळ ५,९०० रुपयांवर निभावले असते. परतीच्या बसमध्ये कागल ते निपाणी मला सौंदत्तीचा तो दुकानदार आठवतही होता, पण महिना ३,२०० युरो म्हणजे किती रुपये, हा हिशेब मी मोबाईलवर चौथ्यांदा करीत होतो.

माझी बाजूही थोडी ऐकून घ्यावी. जून २०२४ पासून जर्मनीने नोकरी शोधण्यासाठी येणाऱ्यांना ‘चान्सेनकार्ट’ देणे सुरू केले, त्याच्या बातम्या सगळीकडे येत होत्या. त्यासाठी जर्मनची ए-१ ही अगदी प्राथमिक किंवा इंग्रजीची बी-२ ही बरीच वरची पातळी चालते, हे खरे आहे. आमच्या ओळखीतला खानापूरचा एक मुलगा निव्वळ इंग्रजीवर तिथे गेला, हेही खरे आहे. पण तो सॉफ्टवेअरमधला, त्याचा गिऱ्हाइकाशी संबंधच येत नाही, हा फरक मी लक्षात घेतला नाही. शिवाय या लोकांनी सरसकट खोटे सांगितले नव्हते. युरोपियन ब्लू कार्डसाठी, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसाला नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यासाठी, कायद्यात जर्मन भाषेची अट नाही, असे ते म्हणाले, आणि ते अगदी बरोबर आहे. अट घालतो तो नोकरी देणारा, कारण माल जर्मन माणसाला विकायचा असतो. तिथल्या मार्केटिंगच्या जागांच्या जाहिराती उघडून पाहा, बहुतेकींत अस्खलित जर्मन मागितलेले दिसेल. आता मला सांगा, कायद्यात अटच नसेल तर ‘सवलत प्रमाणपत्र’ कशाचे? अस्तित्वात नसलेल्या अटीतून सूट मिळावी म्हणून मी ४८,००० रुपये मोजले.

ऑफर लेटर आजही माझ्याकडे आहे. पत्ता ड्युसेलडॉर्फचा, पण पिनकोड सहा आकडी. जर्मनीत तो पाच आकडी असतो. सहा आकडी आपला असतो, बेळगावचा ५९०००१ आहे तसा. रोज चलने आणि पार्सले हाताळणाऱ्या मला तो खुपला नाही. पगार महिना ३,२०० म्हणजे वर्षाला ३८,४०० युरो होतो आणि २०२५ साली ब्लू कार्डसाठी वार्षिक पगाराची मर्यादा ४८,३०० युरो होती. माणसांचा तुटवडा असलेल्या व्यवसायांसाठीची कमी मर्यादासुद्धा ४३,७५९ युरोंच्या वर. म्हणजे पत्र खरे असते तरी त्या पगारावर ब्लू कार्ड मिळालेच नसते. ‘मॅनेजर’ने व्हॉट्सॲपवर अकरा मिनिटे मुलाखत घेतली, ती जानेवारीत आपल्या सकाळी साडेदहाला. तेव्हा तिथे पहाटेचे सहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात सहाला तिथे मिट्ट काळोख असतो. त्या साहेबांच्या मागच्या खिडकीत लख्ख ऊन होते. मुलाखत कोठूनही व्हिडिओवर झाली तर घड्याळ लावून खिडकी पाहा.

शेवट मुंबईत झाला. एप्रिलमध्ये बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबईची तारीख मिळाली आहे, असे सांगून मला पाठवले. अर्ज घेणाऱ्या केंद्रावरच्या बाईंनी आधार कार्ड पाहिले आणि शांतपणे सांगितले की माझ्या नावाने कोणतीही वेळ घेतलेली नाही, आणि कर्नाटकातल्या रहिवाशाने जर्मन व्हिसासाठी बंगळूरला अर्ज करायचा असतो. ज्या सीमेचे चटके आम्ही जन्मापासून सोसतो, ती सीमा मी नेमकी इथे विसरलो. तिथेच समजले की या दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे शुल्क ७५ युरो असते. मी ६२,५०० दिले होते, तेही रोख, साध्या कागदावरच्या पावतीवर. रोख देऊ नका, आणि व्यक्तीच्या नावाच्या खात्यात तर मुळीच पाठवू नका. माझे ४८,००० तसेच गेले. परत आलो तेव्हा कोल्हापूरच्या कचेरीला कुलूप होते.

आता ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्याविषयी. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन केला. तो पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, म्हणजे पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. मी दोन महिन्यांनी केला, हा माझा दोष मान्य. पण त्यांनी तक्रार लिहून घेतली ती केवळ यूपीआयच्या ४८,००० ची, कारण रोख रक्कम म्हणे सायबर गुन्ह्यात बसत नाही. इथल्या ठाण्यात गेलो तर कचेरी कोल्हापूरची, तिकडे जा. कोल्हापुरात गेलो तर तुम्ही राहता कर्नाटकात, बँकेचे खाते तिकडचे, तिकडे द्या. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हे मी छापून नेले होते. इथल्या साहेबांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि ‘नाळे बन्नी’ (उद्या या) म्हणाले. कोल्हापूरच्या साहेबांनी तो वाचला आणि ‘उद्या बघू’ म्हणाले. एकाने तर तोंडावर विचारले, ‘तुम्ही शिकलेले ना, मग दिलेत कशाला?’ हा प्रश्न मला आईनेही विचारला नाही. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि उमेदवाराकडून तो ३०,००० रुपये व जीएसटी याहून अधिक घेऊ शकत नाही. नोंदणी आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाच मिनिटांत दिसते. मी ते एप्रिलमध्ये पाहिले. तुम्ही पहिला रुपया देण्याआधी पाहा. पोर्टलवरची नोंदणीकृत एजंटांची यादी हातात ठेवल्यावर दोन्ही ठाण्यांनी ‘हे आमचे काम नाही, दिल्लीचे आहे’ असे एकमुखाने सांगितले, आणि दोन राज्यांचे एकमत मी प्रथमच पाहिले.

सध्या अडले आहे ते भाषेवरच. पावत्या मराठीत असल्यामुळे इथे त्यांचे कन्नड भाषांतर मागितले, ते ४५० रुपये देऊन करून घेतले. अर्जाची पोच कन्नडमध्ये मिळाली, तर कोल्हापुरात तिचे मराठी भाषांतर मागितले. ते मी स्वतःच केले, कारण तेवढे मला येते. येत्या सोमवारी इथे पुन्हा बोलावले आहे. सोमवार माझ्या सौंदत्तीच्या लाईनचा, आणि मालकांनी या महिन्यातल्या तीन खाड्यांचे पैसे आधीच कापले आहेत.