चाळिशी ओलांडल्यावर सायकल, धावणं आणि छातीवरचा हार्ट रेट पट्टा: काही महिने वापरल्यावर

छातीला बांधायचा हार्ट रेट पट्टा घ्यावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठामपणे ‘हो’ आहे. आपण जोर किती लावतोय हे पाय आणि श्वास सांगतातच. पण ‘आज निवांत’ म्हणून निघालेलो असताना नकळत किती दामटतोय, हे पट्ट्याइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही. आणि पंचेचाळिशीच्या आसपास दुखापती बहुतेक तिथूनच येतात.

माझं वय ४७. आठवड्यात काही दिवस सायकल, काही दिवस धावणं, दोन दिवस थोडे वजनाचे व्यायाम आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, असा क्रम आहे. स्पर्धा जिंकायची नाहीये. साठीतही चढ चढता यावा आणि जिना उतरताना गुडघ्याला हात लावायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं चाललंय. पुढचं वाचताना हा हेतू लक्षात असू द्या. दहा किलोमीटरची वेळ कमी करायची असेल, तर तुम्हाला याच उपकरणाकडून वेगळं काही हवं असेल.

मनगटावर घड्याळ असताना पट्टा कशाला, हा प्रश्न मलाही घरातून विचारला गेला. घड्याळ कातडीखाली हिरवा प्रकाश सोडतं आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी परतणाऱ्या प्रकाशात जो फरक पडतो तो मोजतं. बसल्या जागी, चालताना, झोपेत हे तंत्र उत्तम चालतं. धावताना मात्र हात झुलतो, घड्याळ कातडीवर सरकतं, आणि सेन्सर पावलांचीच लय ठोके म्हणून मोजायला लागतो. हे मी शेजारी शेजारी पाहिलंय. सपाट रस्ता, सावकाश वेग, बोलायला दम पुरतोय. मोबाइलला जोडलेला पट्टा १३४ दाखवत होता आणि घड्याळ १७१. पावलं मोजली तर मिनिटाला १७० च्या घरात. चालायला लागलो तसा पट्ट्याचा आकडा लगेच उतरत गेला. घड्याळ थोडा वेळ वरच अडकून राहिलं, मग एकदम खाली आलं. घड्याळ आणखी घट्ट बांधून, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून फरक पडतो, पण खात्री देता येत नाही.

सायकलवर तऱ्हा निराळी. हँडलबार धरल्यावर मनगट वाकतं, हाताचे स्नायू ताणलेले राहतात, रस्त्याचे हादरे थेट घड्याळापर्यंत पोचतात. थंडीत तर कातडीतलं रक्त आतच ओढलं जातं. मग घड्याळ बरेचदा कमी आकडा दाखवतं किंवा एकाच आकड्यावर थिजतं. छातीचा पट्टा हृदयातून निघणारा विजेचा संकेतच पकडतो, ईसीजीचं तत्त्व तेच, त्यामुळे हात काय करतोय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे तंत्र जुनं आणि मुरलेलं आहे. फिनलंडची पोलर कंपनी १९७७ मध्ये स्थापन झाली आणि छातीच्या पट्ट्यावरून मनगटापर्यंत बिनतारी ठोके पोचवणारं उपकरण तिने १९८२ मध्ये बाजारात आणलं. आज अनेक कंपन्या पट्टे बनवतात आणि मूळ कल्पना तीच आहे.

आता रोजचा वापर. पट्टा बांधण्याआधी आतल्या बाजूचे दोन्ही इलेक्ट्रोड, म्हणजे कातडीला टेकून संकेत पकडणारे भाग, ओले करावेच लागतात. नळाखाली बोट ओलं करून दोन-तीनदा फिरवलं की पुरतं. कोरडा बांधला तर पहिली दहा मिनिटं, म्हणजे घाम फुटेपर्यंत, आकडे वेडेवाकडे येतात. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, अंगाला चिकटून पण श्वास न अडकवता बसला पाहिजे. माझी बायकोही हाच पट्टा वापरते. तिचं म्हणणं असं की स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीच्या किंचित खाली बसवला तर हलत नाही, आणि त्या पट्टीवर चढला तर लांब पल्ल्याला काचतो. काचतो तिथे, म्हणजे फक्त कडेला, थोडं व्हॅसलीन लावावं. इलेक्ट्रोडवर लागलं तर संकेत नीट मिळत नाही.

कोरड्या हवेत एक गंमतशीर गोष्ट दिसते. सैल, सिंथेटिक जर्सी वाऱ्याने फडफडत अंगावर घासली की स्थिर वीज तयार होते आणि सायकलच्या उतारावर, पाय थांबलेले असताना, ठोके अचानक दोनशेच्या पुढे दिसतात. असा आकडा पाहून घाबरायला होतं. अंगाबरोबर बसणारी जर्सी घातली, इलेक्ट्रोड नीट ओले केले की ते थांबतं. पण असा आकडा दिसतानाच छातीत धडधड, चक्कर किंवा दुखणं जाणवलं, तर पट्ट्याला दोष देत बसू नका. थांबा आणि डॉक्टर गाठा. हे वैद्यकीय उपकरण नाही, लय बिघडली आहे की नाही ते त्यावरून ठरवता येत नाही.

आकड्यांचा अर्थ लावण्यात मात्र मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटला, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. मिनिटाला हृदयाचे कमाल ठोके किती, याचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. ते १९७१ पासून वापरात आहे आणि ती केवळ सरासरीची ढोबळ रेषा आहे. २००१ मध्ये तनाका नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असं सुधारित सूत्र मांडलं. चाळिशीला दोन्ही सूत्रांचं उत्तर सारखंच, १८०, येतं. त्यापुढे वय वाढेल तसं जुनं सूत्र कमाल ठोके कमी दाखवत जातं. साठीच्या माणसाला जुनं सूत्र १६० सांगतं, नवं १६६. पण नवं सूत्रही सरासरीच. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसचा फरकही सहज असू शकतो. माझ्या वयाला सूत्रं १७३ आणि १७५ सांगतात. डॉक्टरांकडून तपासणी आणि स्ट्रेस टेस्ट (देखरेखीखाली व्यायाम करताना होणारी हृदयाची तपासणी) करून घेतल्यावर मी चढावर जोर लावून पाहिलं, तेव्हा पट्ट्याने १८३ पर्यंतचे आकडे पुन्हा पुन्हा दाखवले. ॲपमध्ये वय भरलं की झोन, म्हणजे निवांत ते जोराचा असे ठोक्यांचे टप्पे, आपोआप तयार होतात, ते सगळे सूत्रावर बेतलेले असतात. ते जसेच्या तसे स्वीकारू नका.

झोन ठरवायला माझा भरवसा अजून बोलण्याच्या कसोटीवर आहे. धावताना पूर्ण वाक्यं न तुटता बोलता येत असतील तर तो निवांत वेग. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की तो ओलांडला. ही कसोटी करताना पट्टा काय दाखवतो ते काही वेळा टिपून ठेवलं की आपली स्वतःची मर्यादा कळते. माझ्यासाठी धावताना ती १३७-१३८ च्या आसपास आहे. सायकलवर तेवढ्याच कष्टाला आकडा कमी येतो, कारण बसलेल्या स्थितीत शरीराचं वजन पेलावं लागत नाही आणि कमी स्नायू कामाला लागतात. माझी सायकलवरची मर्यादा १३० च्या जवळ येते. म्हणून दोन्ही खेळांचे झोन वेगळे ठेवा. धावण्याचे झोन सायकलला लावले तर निवांत म्हणवणारी राइड चांगलीच थकवणारी होते.

मग मर्यादेत धावायचं ठरवलं तर काय होतं? सुरुवातीला फार हळू जावं लागतं. छोटासा चढ आला की १४५ दिसतात आणि चालावं लागतं. मागून येणारे पुढे निघून जातात. पट्टा त्या क्षणाचा आकडा समोर ठेवतो म्हणून चालणं सोपं झालं. तो नसता तर मी तो चढ दामटून पार केला असता. काही महिन्यांत त्याच ठोक्यांवर, त्याच रस्त्यावर वेग बराच वाढला. आधी किलोमीटरला साधारण आठ मिनिटं लागायची, आता सातच्या जवळ. हवा, झोप, रस्ता यांचा परिणाम वगळूनही हा फरक दिसतो, आणि तो पाहण्यात मला मनापासून आनंद होतो.

पण वेग वाढण्याहून मोलाचं म्हणजे पोटऱ्या आणि टाचेचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, सांभाळणं. हृदय आणि फुफ्फुसं व्यायामाला काही आठवड्यांतच सरावतात. स्नायूही बऱ्यापैकी लवकर. टाचेमागच्या अकिलीससारख्या टेंडनना रक्तपुरवठा कमी, ते सावकाशच बळकट होतात. सायकलिंग करणाऱ्या मध्यमवयीन माणसाला हा धोका जास्त आहे, कारण सायकलने दम भरपूर तयार झालेला असतो. धावायला उतरला की दम म्हणतो अजून जा, आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार झेलणारी टाच अजून कच्ची असते. पट्टा टेंडनचा ताण मोजत नाही, हे स्पष्ट सांगतो. तो वेग आवरतो आणि वेग आवरला की पावलावरचा भार थोडा आवरतो, एवढंच. बाकीचं काम पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली करण्याच्या व्यायामाने आणि आठवड्याचं अंतर हळूहळू वाढवूनच होतं.

उलट बाजूही आहे. सायकल सांध्यांना सोपी म्हणून फक्त सायकलच चालवावी असं अनेकांना वाटतं. सायकलवर हाडांना आपटण्याचा भार मिळत नाही, आणि वर्षानुवर्षं फक्त रोड सायकल चालवणाऱ्यांत कमरेच्या मणक्याची घनता कमी आढळल्याचे अभ्यास आहेत. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या स्त्रियांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. थोडं धावणं, थोडे वजनाचे व्यायाम लागतातच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वंही प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवतात. यातलं ‘मध्यम’ म्हणजे नेमकं किती, हे मला पट्ट्यामुळे अंगाने कळलं.

लांब राइडला आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. वेग तोच, रस्ता तसाच, पण पहिल्या तासात १२६ वर असलेले ठोके तिसऱ्या तासाला १३८ वर जातात. घामाने शरीरातलं पाणी कमी होतं, कातडी थंड ठेवायला रक्त तिकडे वळतं, प्रत्येक ठोक्याला हृदयातून निघणारं रक्त घटतं आणि ते भरून काढायला ठोके वाढतात. उन्हात हे अधिक होतं. मी आता अशा वेळी गिअर हलका करतो, पाणी पितो आणि आकडा गाठण्यासाठी झगडत नाही. गिअर हलका ठेवून मिनिटाला पेडलच्या ८०-९० फेऱ्या मारल्या तर गुडघ्यांवरचा जोरही कमी राहतो.

छोट्या, जोराच्या टप्प्यांसाठी पट्टा फारसा कामाचा नाही. वीस सेकंदांचा चढ दामटला तर ठोके वर यायच्या आत चढ संपलेला असतो. तिथे श्वास आणि पायांतली जळजळ यांवरच विसंबावं. तसंच झोप झाली नसेल, ताप येऊ घातला असेल, कॉफी जास्त झाली असेल तर आकडे चढे येतात. सकाळी उठल्या उठल्या पडूनच मोजलेले ठोके नेहमीपेक्षा सलग वर दिसले की मी जोराचा व्यायाम पुढे ढकलतो. बीटा-ब्लॉकर गोळ्या (रक्तदाब किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या) सुरू असतील तर ठोके मुळातच दाबलेले असतात आणि कोणतंही सूत्र लागू पडत नाही. तिथे बोलण्याची कसोटी आणि डॉक्टरांचा सल्ला. पेसमेकर असेल तर पट्टा बांधण्याआधीच विचारा.

जोडणीचं थोडक्यात: अँट प्लस (ब्लूटूथसारखीच, व्यायामाच्या उपकरणांसाठीची बिनतारी जोडणी) आणि ब्लूटूथ दोन्ही असलेला पट्टा घ्या. अँट प्लसवर सायकलचा कॉम्प्युटर आणि घड्याळ दोन्ही एकाच वेळी आकडे घेतात. ब्लूटूथवर किती उपकरणं एकत्र जोडली जातात ते पट्ट्यागणिक बदलतं, तेव्हा आधी पाहून घ्या.

टिकाऊपणाचं सगळं गणित धुण्यात आहे. प्रत्येक वापरानंतर सेन्सर बटणांवरून काढायचा आणि कापडी पट्टा साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत टाकायचा. सेन्सर ओल्या पट्ट्याला तसाच लावून ठेवला तर त्याला वाटतं अजून अंगावरच आहे, तो चालू राहतो आणि सेल उतरतो. नाहीतर बटणासारखा साधा सेल शेकडो तास पुरतो. घामाचं मीठ साचून राहिलं की आधी बटणं काळपट होतात, मग मधूनमधून आकडा गायब व्हायला लागतो. सेन्सर खराब झाला असं वाटतं, पण बहुतेक वेळा बिचारा सेन्सर ठीक असतो आणि कापड संपलेलं असतं. माझं कापड आता थोडं सैल पडलंय, बकल एक घर पुढे घ्यावं लागतं. म्हणून पट्टा निवडताना कापड वेगळं विकत मिळतं की नाही, हे आधी विचारा; सेन्सर आणि कापड एकत्र शिवलेले पट्टे मी घेणार नाही.