कॉर्पस कोरानिकम: जुनी कुराणं बघायला एक नंबर साइट, पण भाष्य वाचायला जर्मन लागेल

"जगातलं सगळ्यात जुनं कुराण इंग्लंडमध्ये सापडलं" ही 2015 ची बातमी आठवत असेल तर ही साइट एकदा उघडाच. बर्लिन-ब्रांडेनबुर्ग अकादमीचा हा प्रकल्प 2007 मध्ये सुरू झाला आणि साइट वापरायला एकदम फुकट. वापरायची पद्धत मस्तय, सूरा (कुराणाचा अध्याय) आणि आयत (त्यातलं वचन) निवडायची की ती आयत कुठल्या कुठल्या जुन्या हस्तलिखितात आहे त्याची यादी येते, आणि बऱ्याच ठिकाणी पानाचा फोटो आणि ओळीला ओळ लावून वाचनही मिळतं.

मी 20 वी सूरा, ताहा, तिची सुरुवात निवडली कारण 2015 च्या बातमीतल्या बर्मिंगहॅमच्या पानांवर तीच आहे. कुराण म्हणजे अख्खं पुस्तक नाही हां, चामड्याची फक्त दोन पानं, 18, 19 आणि 20 या सूरांचे तुकडे. इराकमधल्या मोसुलजवळ जन्मलेल्या आल्फोन्स मिंगाना यांनी 1920 च्या दशकात हस्तलिखितं गोळा केली, पैसे कॅडबरी चॉकलेटवाल्या घरातल्या एडवर्ड कॅडबरींचे. त्या संग्रहात ही पानं दुसऱ्याच एका कुराणाच्या पानांबरोबर बांधलेली होती, आणि ही वेगळी आहेत हे आल्बा फेदेली यांना पीएचडी करताना लक्षात आलं. याच हस्तलिखिताची म्हणून मानली जाणारी 16 पानं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

आता तारखेचं. ऑक्सफर्डच्या कार्बन टेस्टने इ.स. 568 ते 645 असा काळ दिला, 95.4 टक्के खात्रीने, आणि पैगंबरांचा काळ साधारण 570 ते 632 धरतात, म्हणून पेपरवाल्यांनी लगेच "त्यांच्या हयातीतलं" करून टाकलं. पण टेस्ट झाली ती चामड्याची, म्हणजे ते जनावर कधी मेलं एवढंच कळतं, शाई कधी लागली ते नाही. जुना कोरा स्टॅम्पपेपर काढून त्यावर नंतर मजकूर लिहावा तसं इथेही झालेलं असू शकतं. शिवाय दोन सूरांमधली रेघ, आयतींच्या शेवटचे ठिपके बघून काही लिपीतज्ज्ञ हे लिखाण उस्मान खलिफांनी कुराणाची प्रमाण प्रत ठरवून दिली त्यानंतरचं, म्हणजे 650 च्या पुढचं मानतात. मला तेच जास्त पटतं, इतकी नेटकी मांडणी पहिल्याच फटक्यात जमत नाही. आणि 650 नंतरचं असलं तरी ते भयंकर जुनंच आहे, त्यात काही कमी होत नाही. जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्येही जुन्या कुराणाची पानं आहेत, त्यांची कार्बन तारीख 649 ते 675 आहे. येमेनमधल्या साना'चं हस्तलिखित तर फारच भारी, जुना मजकूर पुसून त्याच पानांवर पुन्हा लिहिलेलं, वरचा मजकूर नेहमीचाच पण खाली पुसलेल्या मजकुरात सूरांचा क्रमच वेगळा.

साइटवर नुसते आकडे बघू नका, पानं मोठी करून अक्षरं बघा. हिजाझी लिपीत, म्हणजे या सगळ्यात जुन्या कुराणांच्या अरबी लिपीत, उभ्या रेषा उजवीकडे कललेल्या असतात, टिंबं अगदी मोजकी, स्वरचिन्हं नाहीत. दोन-चार पानं शेजारी शेजारी ठेवली की लिपीवरून काळ कसा ठरवतात ते जरा कळायला लागतं.

प्रकल्पामागची गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे. बेर्गश्ट्रेसर नावाच्या जर्मन प्राध्यापकांनी दुसऱ्या महायुद्धाआधी जुन्या कुराणांचे फोटो जमवले होते, युद्धात ते जळाले असं आंतोन श्पिटालर हे दुसरे जर्मन अभ्यासक सांगत राहिले, आणि नंतर फिल्मचे रोल त्यांच्याकडेच निघाले! ते पुढे कुराणाच्या अभ्यासक आंगेलिका नॉयविर्थ यांच्याकडे आले आणि या प्रकल्पाला कामी आले.

आता तक्रारी. भाष्याचा बराच भाग जर्मनमध्ये आहे, भाषांतर करून वाचलं तर कामापुरतं कळतं. नवख्या माणसाला सुरुवात कुठून करायची ते साइट सांगत नाही, म्हणून आधी आयत क्रमांक शोधून ठेवा. अरबी अजिबात येत नसेल तर मजा अर्धीच. अभ्यास करणाऱ्यांनी डोळे झाकून वापरा, बाकीच्यांनी 20 व्या सूरेपासून सुरू करा. पॅरिसची पानं आणखी नीट बघायची असतील तर तिथल्या ग्रंथालयाच्या गॅलिका साइटवर "Arabe 328" शोधा, तेही फुकटच आहे.