हेलो: स्पार्टन असॉल्ट, सात महिने खेळून झाल्यावर

हेलो या गोळीबाराच्या व्हिडिओ गेम मालिकेशी माझी ओळख हॉस्टेलमधली. पहिला हेलो २००१ साली एक्सबॉक्सवर आला, आमच्यापर्यंत पोचला तो २००३ चा पीसीवरचा, आणि त्याचाही फुकटचा डेमो. त्यात लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कॉम्प्युटरवर, खेळायला 'ब्लड गल्च' हा एकच मॅप. तो एकच मॅप आम्ही चार वर्षं घासला, परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा. अशा माणसाने जुन्या आयपॅडवर याच मालिकेतला स्पार्टन असॉल्ट उघडला आणि पहिल्या दहा मिनिटांत तोंड वाकडं केलं.

कारण जुन्या हेलोसारखी डोळ्यांसमोर बंदूकच नाही! कॅमेरा वर टांगलेला, आपला स्पार्टन, म्हणजे आपण चालवतो तो सैनिक, बोटाच्या पेराएवढा. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने नेम धरायचा, नेम धरला की गोळ्या आपोआप सुटतात. हा हेलो नाही म्हणून मी तो बाजूला टाकला. मग लेकीचा पोहण्याचा क्लास सुरू झाला आणि तलावाच्या बाहेर बाकावर रोज पाऊण तास बसायची पाळी आली. एक मिशन पाच-सात मिनिटांत आटोपतं. त्या बाकावर हळूहळू गेम कळत गेला.

वरवर वेगळा दिसला तरी आतली लय जुनीच आहे. शिल्ड, म्हणजे अंगावरचं संरक्षक कवच, गेली की आडोसा गाठायचा, ती भरेपर्यंत दम धरायचा, मग परत घुसायचं. ग्रंट हे शत्रूचे छोटे सैनिक झुंडीने येतात, जॅकल हा दुसरा शत्रू आपली ढाल पुढे करून उभा राहतो, त्याच्यावर समोरून गोळ्या वाया घालवू नयेत हे हॉस्टेलातलं शहाणपण इथेही चालतं. रणगाड्याची मिशनं तर निव्वळ मजा. स्कॉर्पियनमध्ये बसलं की दिवसभराचा ऑफिसचा राग निघतो.

खरी डोकेदुखी अंगठ्यांची. स्क्रीनचे खालचे दोन्ही कोपरे आपल्याच अंगठ्यांनी झाकलेले, आणि शत्रू नेमका तिथूनच येतो. शिल्ड का गेली हे कळेपर्यंत मिशन परत पहिल्यापासून. यावर मला सापडलेला उपाय सांगतो: शत्रू कायम आपल्या वरच्या बाजूला राहतील असं मागे-मागे सरकत खेळायचं. रुबाबदार दिसत नाही, पण जिवंत राहतो माणूस. घाईत ग्रेनेडऐवजी भलतंच बटण दाबलं जाणं मात्र सात महिन्यांनंतरही थांबलेलं नाही.

दुसरी कुरकुर एक्सपीची, म्हणजे खेळून कमावलेल्या गुणांची. मिशनआधी चांगली बंदूक किंवा ताकद वाढवणारा बूस्टर एक्सपी देऊन घ्यायचा, आणि तो त्या एका खेपेपुरताच. हरलात की गेला. २०१३ च्या मूळ विंडोज आवृत्तीत खऱ्या पैशांचे क्रेडिट्सही होते, तेव्हा ही रचना कशासाठी केली असेल हे सांगायला नको. मी शेवटी फुकटच्या बंदुकीनेच खेळायची सवय लावून घेतली. स्कोअर वाढवायचा असेल तर स्कल लावायचे, म्हणजे आपणहून स्वतःचे हाल वाढवायचे आणि त्याबदल्यात जास्त गुण घ्यायचे. हा भाग मला आवडला.

गोष्ट बेताचीच. काळ हेलो ३ आणि ४ यांच्या मधला. आपण खेळतो ते इन्फिनिटी या अवकाशजहाजावरचं प्रशिक्षणाचं सिम्युलेशन, म्हणजे सगळं आधीच घडून गेलेलं. हेलो ४ मध्ये कमांडर असलेली सारा पामर इथे तरुण दिसते, आणि डेव्हिस हा लढाईत मेलेला स्पार्टन-४ या पिढीतला पहिला सैनिक. एवढा मोठा प्रसंग, पण मला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्याला नीट भेटायला वेळच दिलेला नाही. टॉम साल्टाचं संगीत मात्र हेडफोन लावून ऐकावं.

फ्लड या परजीवी शत्रूशी दोघांनी मिळून लढायचा मोड कन्सोलवर होता, मोबाइलवर नाही. ब्लड गल्चवाल्या मित्राला हे सांगितलं तर त्याने विषयच बदलला.

हा आणि याच्या पुढचा असे दोन्ही गेम एकत्र घेतले होते, म्हणून आता २०१५ चा स्पार्टन स्ट्राइक सुरू केलाय. २५५२ सालचं न्यू मोम्बासा, चालवायला वॉर्टहॉग गाडी, आणि मिशनं जास्त नीट बांधलेली. नव्याने घेणाऱ्याने पैसे एकावरच घालायचे तर स्ट्राइकवर घालावेत.

असॉल्टमध्ये माझी चार-पाच सुवर्णपदकं राहिली होती. ती आता लेक मिळवतेय. तिचे अंगठे बारीक, तिला खालच्या कोपऱ्यातले ग्रंट दिसतात.