९० दिवसांचं डिपॉझिट

“पोराला कामाला तर लावलं होतं ना त्यांनी? मग फसवणूक कसली?”

तक्रार द्यायला गेलो तेव्हा ठाणे अंमलदारानं पहिला प्रश्न हाच केला. त्याचं अगदीच चुकलं असंही नाही. पैसे घेऊन परागंदा झालेला माणूस सगळ्यांना ओळखू येतो. इथं कुणी पळालं नव्हतं. ऑफिस उघडं होतं, फोन लागत होता, आणि आमचं पोरगं खरोखरच संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात राबून आलं होतं. तरीही घरातून १६,३०० रुपये गेले आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका अडकून बसल्या. नोकरी देऊन फसवता येतं, हे लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही. म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो.

मी परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. पोरगं म्हणजे माझा भाचा, शेजारच्या तालुक्यातला, बारावी झालेला. दाजींची अडीच एकर जिरायत आहे. २०२५ च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यात सोयाबीन उभं सडलं. पुढं अतिवृष्टीचं अनुदान खात्यांवर पडायला लागलं आणि त्याच सुमारास त्यांच्याकडच्या आठवडी बाजारात भोंगा लावलेली रिक्षा फिरली : ‘शासनमान्य रोजगार मेळावा, दहावी-बारावी-आयटीआय पास-नापास, जागेवर निवड.’ ह्या लोकांचं आपल्या पासबुकावर किती बारीक लक्ष असतं बघा. जून-जुलैत, पेरणीच्या तंगीत, हे मेळावे दिसत नाहीत.

मेळावा एका मंगल कार्यालयात झाला. मागं भलामोठा फ्लेक्स, त्यावर पुढाऱ्यांचे फोटो (त्या पुढाऱ्यांना पत्ताही नसावा) आणि सरकारी योजनेच्या बोधचिन्हासारखं दिसणारं एक चिन्ह. बोलणारा गडी पस्तिशीचा, सगळे त्याला ‘सर’ म्हणत होते. त्यानं पगाराचं नंतर काढलं, आधी कोयत्याचं काढलं. “आपल्या बापानं ऊस तोडला, पाचटात झोपला. आपण पण तेच करायचं का?” दसरा झाला की निम्मं गाव कारखान्याच्या फडावर जातं, अशा भागात हे वाक्य कुठं जाऊन लागतं ते सांगायला नको. दाजी स्वतः लग्नाआधी चार हंगाम गेलेले. त्यांनी तिथंच ठरवून टाकलं.

पैसे एकदम मागितले नाहीत. मेळाव्यात नोंदणीचे ५०० घेतले. आठवड्यानं ‘तुमची निवड झाली’ म्हणून फोन आला, तेव्हा प्रशिक्षणाचे २,०००. मग ड्रेस आणि बुटाचे १,८००. शेवटी निघायच्या आदल्या दिवशी १२,००० डिपॉझिट, ‘९० दिवस पूर्ण झाले की परत’. तोवर पोराची पिशवी भरलेली, गावभर झालेलं, आक्कानं शेजारणींना लाडू वाटलेले. अशा वेळी बाराला कोण नाही म्हणतं? सगळे पैसे एकाच क्यूआर कोडवर गेले आणि त्यावर नाव संस्थेचं नव्हतं, एका बाईचं होतं.

प्रशिक्षण म्हणजे एका खोलीत तीन दिवस मोबाईलवरचे व्हिडिओ भिंतीवर दाखवले. मग प्रमाणपत्र. ते माझ्याकडं आलं तेव्हा पाहिलं, त्यावर शिक्के चार होते, पण मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव नव्हतं आणि क्यूआर स्कॅन केला की त्यांचंच फेसबुक पान उघडत होतं. कौशल्य विकासाच्या खऱ्या प्रमाणपत्रावर ते देणारी मान्यताप्राप्त संस्था आणि अभ्यासक्रमाचा स्तर लिहिलेला असतो, आणि ते ऑनलाइन पडताळता येतं.

वाळूजला रांजणगाव शेणपुंजीत एका खोलीत अकरा पोरं ठेवली. सांगितलेला पगार १८,५०० होता. तो निघाला बारा तासांच्या पाळीचा, महिन्यात एकही खाडा न करता, ‘हजेरी बोनस’ धरून. त्यातून खोली, मेस, गाडी आणि पीएफ कापून पहिल्या महिन्याला हातात सात हजारांच्या आसपास आले. काम माल चढवण्या-उतरवण्याचं. मशीन शिकायला मिळेल म्हणून गेलेलं पोरगं पोती उचलत होतं. दुसरा महिना निम्मा झाला, पाठ धरली, आणि ते घरी आलं. डिपॉझिट मागितलं तर उत्तर तयार होतं : ९० दिवस कुठं झाले?

इथवर वाचून कुणीही म्हणेल, पोरगंच कच्चं निघालं. दाजीही तेच म्हणत होते, चार दिवस बोलले नाहीत त्याच्याशी. पण माझ्या डोक्यात एक गोष्ट अडकली होती. त्या बॅचला चाळीसेक पोरं गेली होती. डिपॉझिट परत मिळालेलं एखादं तरी असेल ना? भाच्याच्या मोबाईलमधून एकेक नंबर काढून फोन लावत बसलो. एकही सापडलं नाही. गंगाखेडकडचं एक पोरगं मात्र ताप अंगावर काढून टिकलं होतं. त्याला ९० दिवसांना थोडेच दिवस राहिले असताना कारखान्याला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदारानं ‘ब्रेक’ दिला. ज्यांनी कंपनीत काम केलंय त्यांना ब्रेक माहीत आहे : नोकरी सलग धरली जाऊ नये म्हणून मधेच घरी बसवतात. आणि पोरांकडून लिहून घेतलेल्या बाँडवर, म्हणजे करारावर, शब्द होते ‘सलग ९० दिवस’.

तिथं सगळा धंदा उलगडला. चाळीस गुणिले बारा हजार म्हणजे ४ लाख ८० हजार, एका बॅचचे. पोरगं टिकलं तर हे पैसे परत द्यावे लागतात, पळालं तर राहतात. नोकरी लावणाऱ्याची कमाई पोरगं पळण्यात असेल, तर तो चांगली खोली, सोसेल असं काम कशाला बघेल? शिवाय माणसामागं ठेकेदाराकडून कमिशन आहेच. पोरं गेली की जागा रिकामी, जागा रिकामी की नवा मेळावा. पैसे बुडवायला ह्यांना खोटं बोलावंच लागत नाही, नुसतं पोराला टेकीला आणायचं.

पैशापेक्षा कागदांनी जास्त पिडलं. ‘व्हेरिफिकेशनला’ म्हणून मूळ गुणपत्रिका आणि टीसी घेऊन ठेवलेले. भाचा ऑफिसात जाऊन यायचा आणि मला फोन करायचा, “मामा, हे लोक कागदं देईना गेलेत. उद्या या, परवा या करायलेत.” मग एक दिवस स्पष्टच बोलले : बाँड तोडल्याचे ५,००० भरा आणि कागदं न्या. म्हणजे डिपॉझिट तर गेलंच, वर दंड. गुणपत्रिकेची दुसरी प्रत मिळते, पण परभणी, बीड, जालना, हिंगोलीवाल्यांना त्यासाठी संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडं अर्ज करावा लागतो. लातूर, नांदेड, धाराशिवचं लातूर मंडळाकडं. तोवर पोलीस भरती नाही की आयटीआयचा प्रवेश नाही. म्हणून सांगतो, मूळ कागद दाखवायचा, हातातून सोडायचा नाही. कोणत्याही खऱ्या कंपनीला झेरॉक्स आणि एकदा मूळ पाहणं पुरतं.

अंमलदाराच्या प्रश्नाला उत्तर आम्ही दुसऱ्या खेपेला कागदावर नेलं. ‘नोकरी दिली पण चांगली नव्हती’ हे रडगाणं काढून टाकलं. लिहिलं ते एवढंच : स्वतःला शासनमान्य म्हणवलं, मान्यता नव्हती. परतीच्या बोलीवर डिपॉझिट घेतलं आणि परत द्यायची वेळ येण्याआधी ब्रेक दिला जातो, त्याचं उदाहरण नाव-पत्त्यासह. मूळ कागद अडवून आणखी पैसे मागितले, त्याचं रेकॉर्डिंग. सोबत पॅम्प्लेट, मेळाव्याचे फोटो, यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि बाँडची प्रत. बाँड १०० च्या मुद्रांकावर होता. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडं करारनाम्याला किमान ५०० चा लागतो, हे माझ्यासारख्या रोज फॉर्म भरणाऱ्याला लगेच दिसतं. पगारपत्रकावर पीएफ कापलेला होता, पण पोराच्या यूएएनच्या (पीएफच्या खाते क्रमांकाच्या) पासबुकात रुपया नव्हता. ते भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचं वेगळं प्रकरण म्हणून वेगळा अर्ज केला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, आणि सुरुवातीपासून हेतू खोटा होता हे दिसलं तरच ते लागतं. त्यामुळं मांडणी महत्त्वाची. ठाण्यात दाद लागली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतो. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर मात्र अर्ज लिहीत बसू नका, आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

आता चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या माणसानं आम्हाला जे जे विकलं ते सगळं फुकट मिळतं. प्रत्येक जिल्ह्याला कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, ते रोजगार मेळावे भरवतं आणि पोरांकडून पैसा घेत नाही. राज्याच्या महास्वयम पोर्टलवर नोंदणी मोफत, केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवरही मोफत. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत ग्रामीण गरीब घरातल्या पोरापोरींना प्रशिक्षण मिळतं, त्यातल्या निवासी प्रशिक्षणात राहणं-खाणंही आलं. स्वतःचा धंदा टाकायचा असेल तर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, त्याही मोफत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ ला बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० विद्यावेतन ठरलं, ते थेट खात्यात. आमचा ‘सर’ मेळाव्यात म्हणत होता, ते पैसे त्याच्यामार्फत येतात! अप्रेंटिसशिपचं तर सगळं पोर्टलवर : करार कंपनी आणि पोरगं यांच्यात होतो, मधल्या माणसाला डिपॉझिट देण्याचा प्रश्नच येत नाही.

पण हेही कबूल करायला पाहिजे की जिल्ह्याचं ते केंद्र आमच्या दाजींच्या गावापासून लांब आहे आणि तिथून कुणी रिक्षा घेऊन बाजारात येत नाही. फसवणारा येतो, घरी फोन करतो, पोराला नावानं हाक मारतो. सरकारी पोर्टल ओटीपी मागतं आणि तो जुन्या बंद सिमवर गेलेला असतो. ह्या मधल्या मोकळ्या जागेतच हे लोक दुकान थाटतात. तुमच्या गावात ग्रामसेवक, बचत गटाची ताई, शाळेचे गुरुजी, माझ्यासारखा सेवा केंद्रवाला, कुणीही असो, पैसे भरण्याआधी त्याला पॅम्प्लेट दाखवा आणि जिल्हा केंद्रात फोन करून विचारायला लावा की हा मेळावा तुमचा आहे का.

चौकशीला बोलावल्यावर गुणपत्रिका आणि टीसी ठाण्यातच आणून दिले त्यांनी. पैशाचं अजून चालू आहे. मध्यंतरी एक माणूस दाजींकडं आला, ८,००० रोख देतो म्हणाला, आणि सहीला एक छापील कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं ‘संपूर्ण रक्कम मिळाली असून माझी कोणतीही तक्रार नाही’. दाजींनी सही केली नाही. त्या बॅचमधल्या बाकीच्या घरांनाही तो कागद घेऊन फिरतोय असं कळलं. तुमच्याकडं आला तर पैसे आणि सही दोन्ही थांबवा, कागदाचा फोटो काढा, आणि आपापल्या ठाण्यात आपल्या नावानं तक्रार द्या. एक तक्रार मिटवता येते. चाळीस मिटवायला त्याला सगळ्यांचं डिपॉझिट काढावं लागेल.