लंडनचे हंटेरियन संग्रहालय : जॉन हंटर यांचे आयुष्य आणि त्यांच्या बरण्या

लंडनच्या होबर्न स्थानकापासून चालत थोड्याच वेळात लिंकन्स इन फील्ड्स हा प्रशस्त हिरवा चौक लागतो. त्याच्या कडेला रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची इमारत असून तिच्यातले हंटेरियन संग्रहालय काही वर्षांच्या नूतनीकरणानंतर मे २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले. शरीरशास्त्राच्या नमुन्यांचे संग्रहालय म्हणून ते प्रसिद्ध आहे. मला मात्र ते अठराव्या शतकातील एका शल्यचिकित्सकाचे चरित्र म्हणून अधिक मोलाचे वाटले.

जॉन हंटर यांचा जन्म १७२८ साली स्कॉटलंडमध्ये झाला. शाळेत त्यांचे मन रमले नाही आणि विद्यापीठाची पदवीही त्यांनी घेतली नाही. १७४८ साली ते लंडनला थोरले भाऊ विल्यम यांच्या शरीररचनेच्या शाळेत मदतनीस म्हणून आले आणि शवविच्छेदनाच्या टेबलाशीच खऱ्या अर्थाने शिकले. पुढे सैन्यातील शल्यचिकित्सक म्हणून १७६१ च्या बेल-ईल या फ्रेंच बेटावरील मोहिमेवर असताना, ज्यांच्यावर कोणीच उपचार केले नव्हते अशा काही फ्रेंच सैनिकांच्या गोळीच्या जखमाही चांगल्या भरून आल्याचे त्यांनी पाहिले. त्या काळी अशी जखम चिरून आणखी मोठी करण्याची रीत होती. शस्त्र हाती असलेल्या माणसाने शस्त्र कधी वापरू नये, हा विचार त्यांच्या पुढील सगळ्या कामात दिसतो आणि माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण त्यातच आहे.

त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे डिसेंबर १७८५ मध्ये सेंट जॉर्जेस रुग्णालयात त्यांनी एका घोडागाडीवानावर केलेली शस्त्रक्रिया. गुडघ्यामागची धमनी फुगून फुग्यासारखी झाली, की त्या काळी बहुधा पाय कापला जाई, आणि तोही भूल न देता. हंटर यांनी फुगलेल्या भागाला हात न लावता वर मांडीतच धमनी बांधली. आजूबाजूच्या लहान वाहिन्या रुंदावून पायाला रक्त पुरवतील, अशी त्यांची अटकळ होती आणि ती खरी ठरली. काही आठवड्यांत रुग्ण आपल्या पायांनी घरी गेला. पुढे वर्षभराने तो तापाने वारल्यावर हंटर यांनी तोच पाय मिळवून त्याचे विच्छेदन केले आणि आत नेमके काय घडले होते, ते तपासून पाहिले.

लांब दालनात मंद प्रकाशात काचेच्या बरण्यांच्या रांगा लागतात. त्यांतली एक बरणी पाहताना मी बराच वेळ थांबलो. कोंबड्याच्या डोक्याचा उभा छेद असून त्याच्या तुऱ्यात माणसाचा दात रुजवलेला आहे. एका शरीरातील जिवंत भाग दुसऱ्या शरीराशी सांधला जातो का, हे पाहण्यासाठीचा तो प्रयोग. मराठी वाचकाला इथे पुण्याची आठवण होणे साहजिक आहे : टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी या मराठा गाडीवानाचे नाक, विटा तयार करणाऱ्या समाजातील एका कारागिराने पुण्याजवळ कपाळाची कातडी वळवून नव्याने घडवले, आणि ते वृत्त ऑक्टोबर १७९४ च्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात छापून आले. हंटर ऑक्टोबर १७९३ मध्येच वारले होते. ते वाचण्याची संधी त्यांना मिळायला हवी होती. लंडनमध्ये ती पद्धत शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली वापरली.

या आयुष्याची काळी बाजूही स्पष्ट सांगायला हवी. विच्छेदनासाठी शरीरे कबरींतून चोरून आणली जात आणि हंटर त्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. चार्ल्स बर्न या अतिशय उंच आयरिश तरुणाने आपले शरीर सर्जनांच्या हाती लागू नये म्हणून समुद्रात दफन करावे, अशी इच्छा सांगितली होती. तरीही १७८३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर हंटर यांनी पैसे मोजून ते मिळवले. तो सांगाडा दोन शतकांहून अधिक काळ लोकांसमोर होता, नव्या मांडणीत तो ठेवलेला नाही. हा निर्णय योग्यच आहे. पण सांगाडा संशोधनासाठी जपून ठेवला आहे, आणि मरणाऱ्याची इच्छा इतकी स्पष्ट असताना हे पुरेसे आहे असे मला वाटत नाही.

मूळ संग्रहात सुमारे १४,००० नमुने होते. हंटर यांच्यामागे सरकारने १७९९ साली १५,००० पौंडांना तो विकत घेतला, आणि मे १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात त्याचा फार मोठा भाग नष्ट झाला. त्यांची हस्तलिखिते तर त्याच्या कितीतरी आधी त्यांचे मेहुणे एव्हरार्ड होम यांनीच जाळली होती. विल्यम क्लिफ्ट या मदतनीसाने नकलून ठेवलेला मजकूर शाबूत राहिला, म्हणून बरेच काही उरले.

प्रवेश विनामूल्य आहे, मात्र आधी वेळ नोंदवून जाणे सोयीचे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी निदान अर्धा दिवस हाताशी ठेवावा. अर्भकांचे आणि विकृत अवयवांचे नमुने असल्यामुळे लहान मुलांना नेण्यापूर्वी पालकांनी विचार करावा.