क्रूझचं सामान ‘थेट केबिनमध्ये’ पोचवणाऱ्यांपासून सावध राहा

24,709 रुपये गेले. दोन मोठ्या बॅगा गेल्या, त्या वेगळ्या. नागपूरहून मुंबईला जाऊन गोव्याची क्रूझ पकडणार असाल तर आधी हे वाचा, मग हसायचं तर हसा.

मी, बायको आणि सासूबाई असे तिघं दुरांतोच्या थर्ड एसीत. गाडी सकाळी सीएसएमटीला लागते, जहाजावर घेतात दुपारी. मधले तास सासूबाईंना सांभाळू की बॅगा ओढू, ही प्रत्येकाचीच अडचण. नेमकी तीच सामान पोचवतो म्हणणाऱ्या या लोकांना ठाऊक असते. त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. त्या माणसाला आमची नावं, गाडी, जहाजाची तारीख, सगळं पाठ होतं. माहिती कुठून फुटते ते तुम्हाला सांगायला नको.

“काकाजी, थर्ड एसीत चाळीस किलोच चालते. वरती दंड बसते. तुम्ही स्टेशनवर बॅगा द्या, डायरेक्ट केबिनमध्ये भेटतील.” चाळीस किलोचा नियम खराच आहे, म्हणून तर माणूस फसतो. पण तो माणशी आहे! तिघांचे 120 किलो होतात आणि आमचं सगळं सामान साठच्या आतबाहेर. हा हिशेब मला गाडी अजनी ओलांडून पुढे गेल्यावर सुचला. बुकिंगचे 2,360 रुपये तेव्हा कधीच गेले होते. दोन हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी, आकडा इतका सरळ की शंका येणार कुठून?

नागपूर स्टेशनच्या संत्रा मार्केटकडच्या बाजूला निळं जॅकेट घातलेला पोरगा आला. गळ्यात ओळखपत्र, त्याच्याच मागे क्यूआर चिकटवलेला. “विम्याचे 7,499 भरा, मुंबईत परत भेटतात.” स्कॅन केलं तर स्क्रीनवर नाव आलं एका मोबाईल शॉपीचं. मी विचारलं, नाही असं नाही. तो म्हणाला, “आमच्या अकाउंटवाल्या मॅडमच्या मिस्टरांचं दुकान आहे, कंपनीचं खातं मेंटेनन्सला गेलंय.” बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिकडे सासूबाईंच्या व्हीलचेअरवाला घाई करत होता, गाडीची घोषणा सुरू होती, आणि मी पिन दाबला. घरी बसून “आम्ही असतो तर” म्हणणाऱ्यांनी एकदा त्या गर्दीत उभं राहून दाखवावं.

पावतीचं तर विचारूच नका. जीएसटी नंबर 07 ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा 27, दिल्लीचा 07. जन्मभर अकाउंट्समध्ये काढलेल्या माणसाला हे सांगायला लागू नये, पण चष्मा बायकोच्या पर्समध्ये होता. तुम्ही मात्र पहिले दोन आकडे बघत जा.

रात्री परत फोन. बॅगा कल्याणला तपासणीत अडकल्या, 14,850 भरा, नाहीतर जप्त. आत दोन पैठण्या, माझा ब्लेझर, सासूबाईंच्या गोळ्यांचा जादा साठा. भरले. सकाळी फोन बंद.

आणि बॅलार्ड पिअरला काय कळलं, तर जहाजाच्या बॅगा तिथे टर्मिनलवरच घेतात, टॅग लावून केबिनपर्यंत पोचवतात, वेगळा पैसाही लागत नाही. सीएसएमटीपासून टॅक्सीने दोन किलोमीटरसुद्धा नाही! मधल्या वेळेसाठी स्टेशनवर क्लोकरूम आहे, फक्त बॅगेला कुलूप हवं. आम्ही फॅशन स्ट्रीटवरून 3,140 रुपयांचे कपडे घेतले आणि जहाजावरच्या नटण्याच्या रात्री त्यातच बसलो.

आता पोलिसांचं ऐका. रेल्वेचे पोलीस म्हणाले, बॅगा गेटबाहेर दिल्या, शहराच्या ठाण्यात जा. शहरातलं ठाणं म्हणे, आवार रेल्वेचं, तिकडेच जा. सायबरवाले म्हणाले, पैशांचं बघू, बॅगांचं आमच्याकडे नाही. मुंबईत विचारलं तर “घडलं नागपूरला ना?” अहो, गुन्हा एक, माणूस एक, मग तक्रार चार दारी का फिरवायची? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, हद्द न बघता कुठल्याही ठाण्याने गुन्हा नोंदवायचा असतो. हे मी कलम 173 दाखवून सांगितलं, तर साहेब म्हणाले, “वकील आहात का?” कॅमेऱ्याचं फुटेज मागितलं तर अर्ज द्या, अर्ज दिला तर साहेब बंदोबस्तात. एका हवालदाराने तर मलाच सुनावलं, “शिकलेली माणसं असून कशी फसता?” शिकलेल्यांनी फसू नये असं कलम असेल तर तेही दाखवा म्हणावं.

रेल्वेने सामान पाठवायचंच असेल तर पार्सल ऑफिसात जा, पक्की पावती घ्या. हमालाचा लाल सदरा आणि दंडावरचा बिल्ला बघा, बिल्ल्याचा नंबर मोबाईलमध्ये टिपून घ्या. क्यूआरवर दुकानाचं नाव आलं की तिथेच थांबा, गाडी सुटली तरी चालेल. पैसे गेलेच तर ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर 1930 लावा.

तो नंबर मी जहाजावर चढण्याआधी लावला, म्हणून 14,850 समोरच्या खात्यात गोठले. ते सोडवायला आता कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकिलाने फी सांगितली आहे पाच हजार.